अ‍ॅप माहिती आणितें कोठून?

हल्लीं पावसाचा अंदाज, बाजारभाव व सातबारा हीं तिन्ही मोबाइलवरील अ‍ॅपांत दिसतात. त्यामुळें पुष्कळ शेतकरी बंधूंची अशी समजूत झाली आहे कीं, ही सर्व माहिती अ‍ॅपच्या पोटांतच सांठविलेली असते. वस्तुतः तसें नसतें.

अ‍ॅप ही माहिती बहुधा दुसऱ्याच्या दप्तरांतून मागून आणितें. त्याची रीत कचेरींतील नकलेच्या खिडकीसारखी आहे. खातेदारास दप्तरखान्यांत शिरतां येत नाहीं. ठराविक नमुन्यांत अर्ज करावा, गट क्रमांक अचूक लिहावा, म्हणजे तेवढीच नक्कल हातीं पडते. संगणकांमधील अशा खिडकीस ए. पी. आय. म्हणतात. अर्जदार ओळखतां यावा म्हणून कित्येक ठिकाणीं अ‍ॅपास सांकेतिक अक्षरांची एक किल्ली दिलेली असते. प्रश्न व उत्तर क्षणांत जातात-येतात. परंतु खिडकी बंद असली किंवा रेंज नसली, तर अ‍ॅप रिकामें राहतें, अथवा पूर्वीं आणलेली जुनीच नक्कल पुढें करितें.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, प्रश्न बरोबर असावा. अ‍ॅपांत केवळ ‘कोल्हापूर’ निवडल्यास उत्तर कोल्हापूरचेंच येतें. एकाच जिल्ह्यांतील पूर्वेकडचें शिरोळ व सह्याद्रीलगतचें राधानगरी यांच्या पावसांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तेव्हां गांव न पाहतां आलेल्या अंदाजावर भाताची कापणी ठरविणें धोक्याचें होय.

दुसरी, नक्कल मुळापेक्षां शुद्ध असूं शकत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत खातेदार स्वतः पिकाची नोंद व छायाचित्र पाठवितो. तेथें दिसणारें खातें व क्षेत्र मात्र महसुली अभिलेखावरून येतें. वडिलांच्या पश्चात् वारसाची नोंद मुळांतच झालेली नसेल, तर अ‍ॅप शंभर वेळां उघडलें तरी मुलाचें नांव उमटणार नाहीं. त्याकरितां वारसनोंदीचा अर्जच केला पाहिजे. पीक सातबाऱ्यावर चढलें नाहीं, तर अतिवृष्टीच्या भरपाईच्या वेळीं अडचण उभी राहते.

सबब, अ‍ॅपमधील आंकडा पाहतांना तो कोणत्या खात्याकडून आला, कोणत्या गांवचा व कोणत्या तारखेचा, हें आधीं वाचावें. पीक नोंदवितांना गट क्रमांक व क्षेत्र ताडून पाहावें, आणि कांहीं दिवसांनीं सातबारा काढून नोंद उतरल्याची खात्री करून घ्यावी. चूक आढळल्यास ती मूळ दप्तरांत दुरुस्त करून घ्यावी. नक्कल मग आपोआप सुधारते.