ताजी बिअर, ताजी माडी आणि झाडाचा धनी

पनवेल, उरण व अलिबाग या तालुक्यांतील बागाईतदारांपैकी पुष्कळांच्या मुलांचे सांप्रत पुण्यामुंबईस नित्य जाणेयेणे असते, आणि तेथील पबांत मिळणाऱ्या ताज्या बिअरची वाखाणणी त्यांच्या तोंडून घरोघर ऐकू येते. ही बिअर मोठ्या कारखान्यातून बाटलीत भरून आलेली नसते. दुकानाच्या मागील अंगास असलेल्या लहान भट्टीत ती तयार होते व तेथेच खपते. तिच्या एका पेल्यास आपल्याकडील गड्याची जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी पडते. तेव्हा तिच्यात विशेष ते काय, असा प्रश्न वडील मंडळींस पडल्यास नवल नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा या लेखात विचार आहे. मद्यपानाची भलामण करणे हा आमचा हेतू नव्हे. परंतु ज्या पदार्थाचा कच्चा माल शेतात पिकतो, त्याची माहिती शेतकऱ्यासच नसावी, हे आम्हांस बरे वाटत नाही.

बिअर म्हणजे जवाची दारू. जव भिजवून त्यास मोड आणतात व मग ते भट्टीवर वाळवितात. आपल्याकडे लहान मुलांकरिता नाचणीचे सत्त्व काढताना नाचणीस मोड आणतात, त्यातलीच ही क्रिया. मोड येताना दाण्यात अशी द्रव्ये उत्पन्न होतात की, ती पिष्टाची साखर करू शकतात. हे जव भरडून ऊन पाण्यात ठेवले म्हणजे गोड रस उतरतो. तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळून निववितात व त्यात किण्व, ज्यास यीस्ट म्हणतात ते, घालतात. किण्व साखर खाते आणि तिचा मद्यार्क व वायू करते. साध्या बिअरमध्ये मद्यार्क शेकडा 4 ते 6 इतका असतो. भट्टीवर गाळलेल्या दारूत तो 40 च्या घरात जातो. एल ही बिअरचीच एक जात असून तिचे किण्व जरा उबेत काम करते, त्यामुळे तिला फळासारखा वास येतो.

यांपैकी हॉपची गोष्ट शेतकऱ्याने विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ही वेल भांगेच्या कुळातील. मात्र भांगेचा कैफ तिच्यात नाही. उंच खांबांवर तारा ताणून ती चढवितात आणि मादी वेलीची हिरवी बोंडे काढतात. बोंडांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते. कडूपणा व सुवास ही दोन्ही तिच्यात. उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस असेल तेथेच ही वेल चांगली फुलते, म्हणून कोकणात तिचे नाव काढू नये. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात तिची लागवड झालेली आहे.

हॉपचा कडूपणा केवळ चवीपुरता नाही. रस आंबविणाऱ्या पुष्कळ जंतूंस तो वाढू देत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन यांच्या भट्टीतील, आणि पुढे बर्टन गावची, बिअर जहाजातून आफ्रिका खंडास वळसा घालून मुंबई-कलकत्त्यास येत असे. चार ते सहा महिन्यांचा तो प्रवास, आणि वाटेत विषुववृत्तावरील उष्मा. तीत हॉप अधिक घातलेला असे म्हणून ती टिके. म्हणजे हॉप हा बिअरचा वाटखर्च होता असे म्हटले तरी चालेल. जे पेय वाट चालू शकते त्यावर व्यापार उभा राहतो, व जे चालू शकत नाही ते गावातच राहते, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे आपल्या माडीचा विचार करताना याचा उपयोग आहे.

आता मौज अशी की, ज्या हॉपमुळे बिअर दूर जाऊ लागली, त्याच हॉपचा ताजेपणा मिळविण्याकरिता आज लोक उलट दिशेने निघाले आहेत. बोंडे काढल्याबरोबर भट्टीत वाळवून ठेवण्याची सर्वत्र रीत आहे, कारण ओल्या बोंडात चार हिश्शांपैकी तीन हिश्शांहून अधिक पाणी असते व ढीग करून ठेवल्यास ती तापून काळी पडतात. ओल्या गवताची गंजी रचल्यास जे होते तेच. परंतु वाळविताना सुवासाचा काही भाग उडून जातो. म्हणून काही भट्टीवाले हंगामाच्या दिवसांत, म्हणजे भाद्रपदाच्या सुमारास, बोंडे ओलीच आणून एका दिवसाच्या आत उकळत्या रसात टाकतात. 1996 साली कॅलिफोर्नियातील चिको गावच्या सिएरा नेवाडा या भट्टीने वॉशिंग्टन संस्थानातून ओली बोंडे घाईने आणवून अशी एल काढली, व तेव्हापासून अमेरिकेत ही चाल पसरली. इंग्लंडात केंट परगण्यात हॉपच्या बागांशेजारीच अशी बिअर होते. वाळलेल्या हॉपच्या पाच-सहापट ओला हॉप लागतो, वर्षातून थोडेच दिवस तो मिळतो, आणि तयार बिअर फार दिवस ठेवल्यास तिचा गुण जातो. गिऱ्हाइके तिची वाट पाहतात ती याच कारणाने. आमच्या मते या प्रकाराचे खरे महत्त्व असे की, पेल्यातील गुण भट्टीवाल्याचा किती आणि शेताचा किती, हे पिणारास त्यात समजते.

इंग्लंडातील जुने पब या बाबतीत जाणते म्हणावे लागतात. तेथे लाकडी अथवा धातूच्या पिंपात बिअर जिवंत ठेवतात, म्हणजे किण्व आत काम करीतच असते. पिंपास तोटी लावली की तीन-चार दिवसांत ते संपले पाहिजे. तळघर थंड व स्वच्छ ठेवणे, किती खपेल याचा अंदाज घेऊनच पिंप उघडणे, नळ्या धुणे, हे सर्व दुकानदाराचे कसब. मोठ्या कंपन्यांनी किण्व मारलेली, वायू भरलेली बिअर सर्वत्र देण्यास सुरुवात केली तेव्हा पिणाऱ्यांनीच 1971 साली आपली संस्था काढून जुन्या पद्धतीच्या एलचा व चांगल्या पबांचा पक्ष घेतला. गिऱ्हाइकाने कस पाहावयास शिकल्यावाचून दुकानदार सुधारत नाही.

महाराष्ट्रात अशी पहिली लहान भट्टी पुण्यात 2009 साली निघाली. तिचे नाव डूलाली. नाशिकजवळील देवळालीच्या छावणीत विलायतेस परतण्याची वाट पाहत गोरे सोजीर कंटाळून जात, त्यावरून डोके फिरल्यास इंग्रजीत हा शब्द रूढ झाला. आपल्याच गावाचे नाव असे वळसा घेऊन परत आले. मात्र या भट्ट्यांस लागणारा जव कोकणात पिकत नाही, हॉप तर बहुधा परदेशचाच. आमच्या तालुक्यात तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचा मोठा कारखाना आहे; त्याच्या मालात येथील शेतकऱ्याचे म्हणून काही शोधावयाचे तर पाण्यापलीकडे फारसे सापडणार नाही.

मग वाचक विचारतील की, आमच्या शेतात ताज्या पेयाचे काय आहे? उत्तर बांधावर उभे आहे. ताडाची ताडी, माडाची माडी व शिंदीच्या झाडाची शिंदी ही आपल्या किनाऱ्याची पेये होत, आणि ताजेपणाच्या कसोटीस ओल्या हॉपची एल त्यांच्यापुढे लंगडी पडेल. माडाची पोय फुटण्यापूर्वी दोरीने आवळून बांधतात, हलके ठोकतात व टोकाचा पातळ काप सकाळसंध्याकाळ काढतात. तेथून रस ठिबकून मडक्यात पडतो. एक पोय महिना-दीड महिना चालते. एका चांगल्या माडाचा दिवसाचा रस दोन लिटरांच्या आसपास धरावा. छेदलेल्या पोयीस नारळ धरत नाहीत, हा हिशेब बागाईतदाराने आधी करावा. रसात शेकडा 12 ते 15 साखर असते आणि किण्व हवेतून, मडक्यातून आपोआप येते. सूर्योदयापूर्वी उतरविलेला, चुना लावलेल्या मडक्यातील रस म्हणजे नीरा. चुना नसेल तर दोन-चार तासांत फेस येतो, संध्याकाळपर्यंत मद्यार्क बिअरइतका होतो, व दुसऱ्या दिवशी रस आंबून शिर्क्याच्या वाटेस लागतो. येथे हॉप नाही, म्हणून वाटखर्चही नाही. गोव्यात याच ताज्या रसाने पाववाले पीठ फुगवीत असत व घरोघरी सान्ने होत.

हे पेय दूर जाऊ शकत नाही म्हणूनच ते झाडाच्या धन्याच्या व भंडारी बांधवांच्या हाती राहावयास पाहिजे होते. तसे झाले नाही. 1878 चा मुंबई अबकारी कायदा झाला आणि परवान्यावाचून रस काढणे गुन्हा ठरले; झाडागणिक कर बसला. महसूल खात्यात कारकुनी केलेल्या आम्हांसारख्यास यातील मख्खी कळण्यास वेळ लागत नाही. शंभर गावांतील हजारो झाडांवर पहारा ठेवण्यास माणसे किती लागणार? एका भट्टीच्या दारावर एक नाकेदार बसविला की बस्स. उरण तेव्हा पनवेल तालुक्यातच होते, आणि पनवेल तालुका 1883 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. उरणास मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या. पंचमहालातून मोहाची फुले येत व दारू मुंबईस जात असे. सरकारचा वसूल तेथे सोपा. त्यामुळे ताडीवरील कर चढत गेला व हलके, ताजे पेय महाग होऊन कडक दारूचा खप वाढला. ठाणे-कुलाब्यातील लोकांनी त्या वेळी पुष्कळ तक्रारी केल्या. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. तो आजही अमलात असून त्याखाली आपल्या स्वतःच्या झाडाचा रस काढण्यासही परवाना लागतो, हे खातेदारांनी विसरू नये.

परिणाम काय झाला? झाड एकाचे, मक्ता दुसऱ्याचा, दुकान तिसऱ्या गावी. जो रस सकाळी उतरून संध्याकाळी संपावयाचा, तो दूरच्या दुकानात विकण्याची पाळी आली की भेसळ येते. कारकुनी हिशेबच करू. समजा, एका दुकानाच्या नावे 40 माड आहेत. दररोजचा रस 80 लिटर. दुकानात विक्री 300 लिटरांची असेल तर उरलेले 220 लिटर कोणत्या झाडाचे? ते पाण्याचे, सॅकरिनचे व क्लोरल हायड्रेट नावाच्या गुंगीच्या औषधाचे. या औषधाने माणसे दगावली आहेत, आणि त्याची सवय लागलेल्यास ते एकदम सुटले तरी भ्रम होतो. जिभेने ते खात्रीने ओळखता येत नाही. एक ढोबळ खूण मात्र आहे: खरी माडी दुसऱ्या दिवशी आंबट झालीच पाहिजे. दुसऱ्या दिवशीही जी गोडच लागते तिच्यातील गोडी किण्वास खाता न येणारी, म्हणजे बाहेरची, असे समजावे. बव्हेरियात 1516 साली बिअरमध्ये पाणी, जव व हॉप यांवाचून काही घालू नये असा हुकूम निघाला होता. माडीस तर पाण्याचीही गरज नाही.

चांगले दुकान कोणते, हे यावरून सांगता येईल. ज्याच्या ओट्यावरून त्याची झाडे दिसतात ते. जेथे मडकी रोज धुऊन वाळविलेली असतात, जेथे माल दुपारी संपला तर "संपला" असे सांगतात, व जेथे बसण्यास बाके आणि खाण्यास काही असते. केरळात माडीच्या कित्येक दुकानांत मासे व उकडलेला कंद इतका चांगला मिळतो की न पिणारे लोकही जेवणाकरिता जातात. पिण्याबरोबर खाणे व बोलणे असले म्हणजे हात आवरता राहतो, हे इंग्लंडातील पबांसही लागू आहे. आपल्याकडे गुत्ता म्हटला की अंधारी खोली, उभ्याने रिचविणे व तोंड पुसून निघणे. यात रस काय आणि चव काय? गाडी हाकणाराने वा झाडावर चढणाराने पिऊ नये हे सांगावयास नको, तरी सांगून ठेवतो.

नाशिककडील द्राक्ष बागाईतदारांकरिता सरकारने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण काढले, वाइनवरील करात सूट दिली, आणि आज लोक मळ्यात जाऊन, वेली पाहून वाइन चाखतात. द्राक्षास जे मिळाले ते माडास का नसावे? संघाने याबाबत अर्ज करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे: ज्याच्या बागेत ठरावीक झाडे असतील त्यास झाडांच्या संख्येइतक्याच मापाने, आपल्याच बागेत, ताजी माडी व नीरा विकण्याचा परवाना असावा. भेसळीस यात जागाच राहत नाही, कारण माप झाडांवरून ठरते. नुसती नीराच विकावयाची असेल त्यांच्याकरिता कासरगोड येथील केंद्रीय संशोधन संस्थेने बर्फाच्या पेटीत रस झेलण्याचे साधन काढले आहे. त्याने चुन्यावाचून रस गोड राहतो.

अडचणी आहेत. झाडावर चढणारा मनुष्य आज मिळत नाही, व मिळाला तरी त्याच्या विम्याचा प्रश्न आहे. शिवाय 1970 साली सिडको स्थापन झाल्यापासून आमच्याकडील जमिनी गेल्या तशी बांधावरील झाडेही गेली. जी उरली आहेत ती तरी कागदावर असावीत. सातबाराच्या गाव नमुना बारावर झाडांची नोंद असावयास हवी. पुष्कळ उताऱ्यांवर ती आजोबांच्या वेळची अथवा मुळीच नसते, आणि परवाना असो की भूसंपादनाचा मोबदला असो, नोंदीवाचून झाड सिद्ध करणे कठीण जाते. 2021 पासून ई-पीक पाहणी खातेदारास आपल्या मोबाइलवरून करता येते व तीत बांधावरील झाडे नोंदविण्याचीही सोय आहे. येत्या खरिपाची पाहणी भरताना माड, ताड व शिंदी वेगवेगळे मोजून भरावे, आणि नोंद झाल्यावर तलाठ्याकडून उतारा पडताळून घ्यावा.