टाचणी टोचण्यापूर्वी

आपल्या घराघरांतून हल्ली एक मुका पहारेकरी येऊन बसला आहे. टीव्हीच्या मागे नाही तर दाराच्या वर, चार दिवे लुकलुकवीत तो बसलेला असतो. त्याचे नाव राउटर. काम सुरळीत चालले आहे तोवर त्याची कोणी विचारपूस करीत नाही. पण एकदा का तो घरच्याच माणसांना ओळखेनासा झाला, की साऱ्या घराचे हातपाय गळतात. अशा वेळी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधी काय करावे, हे मी पुण्याला धाकट्या बहिणीकडे पाहिले.

भाच्याने वायफाय अधिक ‘सुरक्षित’ करण्याच्या उत्साहात राउटरची मांडणी बदलली, पासवर्ड बदलला, आणि नवा पासवर्ड विसरून स्वारी मोकळी झाली! रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सकाळी दहाला भाचीची नोकरीसाठी मुलाखत होती, तीही संगणकावरून. आणि घरात मोबाइलला रेंज म्हणाल तर जेमतेम एक काडी.

“मामा, आता कसं होणार?” तिचा चेहरा रडवेला झाला होता.

आता गंमत पाहा. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता वाटून देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. ते बंद पडले, की पुष्कळ संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता धारण करतात. भाचीच्या संगणकावर नेमका तोच आकडा दिसला, आणि रोगाचे निदान झाले. राउटर मेला नव्हता. त्याने फक्त पत्ते वाटणे थांबवले होते.

मग मी केबल जोडली आणि संगणकाला हातानेच १९२.१६८.१.५० असा पत्ता दिला. १९२.१६८ हे आकडे खाजगी वापरासाठी १९९६ सालीच राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहेत. राउटर स्वतः १९२.१६८.१.१ वर बसला होता; एकाच आळीतले झालो, तशी त्याने दाराची कडी काढली. पण आत पासवर्ड हवा होता, आणि तो तर भाच्याच्या डोक्यातून उडालेला!

शेवटचा उपाय उरला तो टाचणीचा. राउटरच्या पाठीशी एक बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरली, की तो सारे विसरतो आणि कारखान्यातून आला तसा होतो. ज्याचा हात पेटीवर, तो मालक, असा हा सरळ हिशेब आहे. भाचा टाचणी घेऊन सरसावलाच होता. मी त्याचा हात धरला. कारण हा पहारेकरी पासवर्ड विसरतो, तसेच इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने दिलेले नाव आणि परवलीचा शब्दही विसरतो. ते पुन्हा भरल्याशिवाय बाहेरची वाट उघडत नाही. कंपनीचे कार्यालय तर सकाळपर्यंत बंद!

तेव्हा बहीण म्हणाली, “दादा, जोडणी करणाऱ्या मुलाने एक कागद दिला होता खरा.” ती उठली, विजेच्या बिलांची फाइल काढली, आणि तीन वर्षांपूर्वीचा तो पिवळा कागद माझ्यापुढे ठेवला. मग टाचणी टोचली. तळाच्या चिठ्ठीवरच्या पासवर्डने आत शिरलो, कागदावरचे नाव भरले, लगेच नवा पासवर्ड दिला. सव्वादहाला दिवे हिरवे झाले. सकाळची मुलाखत निर्विघ्न पार पडली.

वाचकहो, यंत्राला विसरायला दहा सेकंद पुरतात; आठवण ठेवण्याचे काम माणसाकडेच राहते. या दिवाळीच्या आवराआवरीत एवढे करा: कंपनीचे नाव-शब्द, राउटरचा पत्ता आणि पासवर्ड एका कागदावर लिहा, आणि तो घराच्या कागदपत्रांत ठेवा. टाचणी काय, शिवणाच्या डब्यात केव्हाही सापडते!