चिऊताई म्हणा, गुब्बक्का म्हणा

आपल्या भागात दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं दोन भाषांत चालतं. मग अंगणातले पक्षी तरी त्याला अपवाद कसे असतील? माझं माहेर निपाणीचं, बोली मराठी. सासर बेळगावात, सासूबाई बैलहोंगलकडच्या, त्यांची भाषा कन्नड. त्यामुळे माझ्या मुलीला एकाच चिमणीच्या दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या. माझ्या आईच्या गोष्टीत चिऊताई आणि काऊदादा, तर सासूबाईंच्या गोष्टीत गुब्बक्का आणि कागक्का. दोन्हीकडे पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो चिमणीच्या दाराशी येतो. फरक इतकाच, की मराठीत कावळा दादा आहे आणि कन्नडमध्ये अक्का!

पण हल्ली शाळेत जाणाऱ्या मुलांना विचारून बघा. चिमणी म्हणजे 'स्पॅरो', पोपट म्हणजे 'पॅरट' आणि बाकी सगळे नुसतेच 'बर्ड'. दोन भाषांच्या घरात वाढूनही पक्ष्यांची नावं त्यांना ना मराठीत येतात ना कन्नडमध्ये. ज्याचं नाव ठाऊक नाही, तो पक्षी समोर असूनही दिसत नाही. आणि जो कधी दिसलाच नाही, तो उद्या यायचा थांबला तरी कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही.

नावातच ओळख

जुन्या माणसांनी नावं ठेवली ती पक्ष्याकडे नीट बघून. शेपटी सारखी वरखाली आपटत ओढ्याकाठी फिरणारा काळा-पांढरा पक्षी मराठीत 'धोबी' झाला, जणू दगडावर कपडेच धुतोय. कन्नडमध्येही परीट आहे, पण तो वेगळा. आपण ज्याला 'दयाळ' म्हणतो, पहाटे तारेवर बसून सुरेल शीळ घालतो, तो त्यांचा 'मडिवाळ', म्हणजे परीटच. काळा कोट आणि पांढरंशुभ्र पोट बघितलं की नाव पटतं.

भारद्वाजाची तर गंमतच आहे. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळे आणि झुडपातून येणारा 'कुप्-कुप्' आवाज. मराठी घरात त्याचं दर्शन शुभ मानतात. कन्नडमध्ये तोच 'केंबूत', आणि मोराचं बघून नाचायला गेलेला म्हणून म्हणीत त्याची थट्टा होते. झाडाच्या टोकाला लोंबणारी घरटी विणणारी आपली 'सुगरण' म्हणजे त्यांचा 'गीजग'. आपलं नाव बाईचं असलं, तरी घरटं विणतो तो नर! गाईगुरांमागून फिरणारा बगळा 'बेळ्ळक्की', म्हणजे पांढरा पक्षी. साळुंकी 'गोरवंक', कोतवाल 'काजाण', खंड्या 'मिंचुळ्ळी'.

राज्यपक्षीसुद्धा आपल्या वाट्याला दोन आले आहेत. कर्नाटकचा नीलकंठ, शेतातल्या तारेवर बसलेला असताना मळकट वाटतो आणि उडाला की निळाईच निळाई. महाराष्ट्राचा हरियाल, वडा-उंबराच्या पानांत असा मिसळतो की फळं खाली पडली की मगच वर बघायचं सुचतं.

चिमणीचं घर कुठं गेलं?

जुन्या कौलारू घरात आढ्याच्या फटीत, भिंतीवरच्या तसबिरीमागे चिमणी हक्कानं घरटं करायची. अंगणात जोंधळे पाखडले की दाणे मिळायचे. आता स्लॅबची घरं आली, खिडक्यांना सरकत्या काचा आल्या आणि दळण पाकिटातून येऊ लागलं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या पक्ष्यांच्या अहवालात चिमणी एकूण देशात साधारण टिकून आहे, पण मोठ्या महानगरांत मात्र कमी होत गेली, असं नोंदलं आहे. म्हणजे आपल्यासारख्या गावांना अजून वेळ आहे.

नुसते तांदूळ टाकून मात्र भागत नाही. चिमणी पिलांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते. म्हणून परसात जास्वंद, लिंबू, कढीपत्ता असू द्या आणि त्यावर उगाच औषध फवारू नका. लाकडी खोका टांगायचा तर वळचणीला, सावलीत, मांजर पोचणार नाही असा. भोक सव्वा इंचाच्या आसपास. उन्हाळ्यात मातीच्या पसरट परळात पाणी ठेवा आणि ते रोज बदला.

पंधरा मिनिटांची वही

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभरचे लोक आपापल्या परसातले पक्षी मोजतात. भारतात हे 2013 पासून चालतं. अट एकच, किमान पंधरा मिनिटं एका जागी बघायचं आणि दिसलं ते लिहायचं. सलीम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. चितमपल्ली 2025 साली गेले, पण पक्ष्यांची नावं जमवून त्यांनी सिद्ध केलेला 'पक्षिकोश' मागं राहिला.

आपल्या घरात असा छोटा कोश सहज होऊ शकतो. आमच्याकडे मुलीनं दोनशे पानी वही घातली आहे. तारीख, जागा, आणि पुढं दोन रकाने, एक मराठी, एक कन्नड. सासूबाईंना आता लांबचं नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. गच्चीत बसून त्या आवाजावरून नाव सांगतात आणि नात लिहून घेते. फोनवरून माझी आई दुसरा रकाना भरते. व्याही-विहिणींचं एरवी जेमतेम ख्यालीखुशालीपुरतं बोलणं व्हायचं. आता टिटवी रात्री का ओरडते यावर अर्धा तास जातो.

दुर्बीण नसली तरी चालेल. पुस्तकं पुढंही मिळतील, मोबाईलवर फोटोही मिळतील. पण गुब्बक्का आणि चिऊताई एकच, हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवर वही उघडलेली बरी.