'प्री-लाँच' घर खरंच स्वस्त पडतं? टोकन देण्याआधी हे तपासा

निमगाव केतकी : उसाचं बिल जमा झालं किंवा पालखी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला हातात आला, की इंदापूर-बारामतीकडच्या घरांत एक विषय हमखास निघतो. पुण्यात एखादा फ्लॅट घेऊन ठेवायचा का? त्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो : 'प्री-लाँच ऑफर, फक्त ओळखीच्यांसाठी. जाहिरात आली की दर वाढणार.' अशा वेळी घाई करावी का? समजून घेऊ.

प्री-लाँच कायदेशीर आहे का?

याची दोन उत्तरं आहेत. प्रकल्पाला महारेरा क्रमांक मिळाला आहे, पण जाहिरात अजून आलेली नाही, तर बुकिंग कायदेशीर आहे. क्रमांकच नसेल, तर नाही. रेरा कायद्याच्या कलम ३ नुसार नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग किंवा विक्री करता येत नाही. प्लॉटिंगलाही हाच नियम आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा जास्तीत जास्त ८ सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे.

नियम मोडला तर?

बिल्डरला प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो दंड तुमच्या खिशात येत नाही. नोंदणी झालेल्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते जमीन व बांधकामावरच खर्च करता येतात. ताब्याची तारीखही जाहीर असते. नोंदणीआधी दिलेल्या पैशाला यातलं काहीच लागू नसतं. म्हणजे कागदोपत्री तुम्ही घर घेतलेलं नसतं, बिल्डरला विनातारण उसने पैसे दिलेले असतात.

खरंच किती वाचतात?

समजा, ६० लाखांचा फ्लॅट ५४ लाखांना मिळतोय. सहा लाख वाचले असं वाटतं. पण बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे (परवडणाऱ्या घरांच्या श्रेणीत १ टक्का). म्हणजे २ लाख ७० हजार तिथेच गेले. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकल्या जाणाऱ्या घरावर हा कर नसतो. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि कर्ज काढलं असेल तर व्याज चालू. ताबा दोन वर्षं लांबला, तर 'स्वस्त' घर महाग पडतं.

पैसे देण्याआधी काय पाहायचं?

• महारेरा क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. मंजूर नकाशा, पूर्णत्वाची तारीख, जमिनीवरचा बोजा आणि कोर्टातले दावे तिथे दिसतात. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे.

• एजंटचाही रेरा नोंदणी क्रमांक विचारा. ओळखीचा माणूस असला तरी विचारा.

• करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. ५४ लाखांच्या घराला ही मर्यादा ५ लाख ४० हजार होते.

• रोख देऊ नका. साध्या कागदावरच्या पावतीवर विसंबू नका.

'क्रमांक येतोय, प्रोसेसमध्ये आहे,' असं उत्तर मिळालं, तर आपणही तेच सांगायचं : क्रमांक आला की चेक देतो. ऑफर खरी असेल, तर ती तेवढे दिवस थांबेल.