मोबाइलवरील कृषिसल्ला व अल्प उत्पन्नाचा शेतकरी

पाचोरा तालुक्यात कपाशी हे महत्त्वाचे नगदी पीक होय. गुलाबी बोंडअळीची सूचना हल्ली बहुधा व्हॉट्सॲपच्या गटावर दिली जाते. कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री दर रात्री 8 किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजण्याची वेळ आली, असे समजावे. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते. मग फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून उशिरा मिळालेली सूचना न मिळाल्यासारखीच होय. 2017 च्या हंगामातील नुकसान शेतकरी विसरलेले नाहीत.

तथापि, गटावरील सूचना सर्वांस मिळत नाही. याची प्रमुख कारणे तीन आहेत.

पहिले, खर्च. केवळ फोन घेऊन भागत नाही. 28 दिवसांचे रिचार्ज वर्षातून 13 वेळा करावे लागते. 2024 च्या जुलैत हे दर वाढले. हाती रोकड नसली की मजुराचे इंटरनेट प्रथम बंद पडते.

दुसरे, फोनचा ताबा. अनेक घरांत एकच फोन असून तो कर्त्या पुरुषाजवळ असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 100 स्त्रियांपैकी 38 जणींनीच कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे 61 होते. निंदणी-वेचणी करणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीस डोमकळ्या सहज पडतात. पण त्यांचा अर्थ सांगणारी सूचना त्यांना मिळत नाही.

तिसरे, भाषा. घरी अहिराणी बोलणाऱ्या व अल्पशिक्षित व्यक्तीस लांब छापील मजकूर वाचणे कठीण जाते.

यास्तव ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

1. गटात नसलेल्या कुटुंबांची यादी हंगामापूर्वी तयार करावी व प्रत्येकास एक शेजारी नेमून द्यावा.

2. महत्त्वाची सूचना त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावी.

3. एक मिनिटाचा ध्वनिसंदेश अहिराणीत द्यावा.

4. स्त्रियांच्या बचत गटांच्या बैठकीत डोमकळी प्रत्यक्ष दाखवावी.

साधा बटणाचा फोन असणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनी 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत विचारणा करावी. 2004 साली सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून मराठीतून उत्तर मिळते.

गटावर सूचना टाकली म्हणजे कार्य संपले असे मानू नये. शेवटच्या घरी ती समजली, तेव्हाच ती पोहोचली.