संत्र्याचा भाव आणि ‘क’ जीवनसत्त्वाचा हिशेब

लिंबू, संत्रे, मोसंबी, पपनस या साऱ्या कुळाचे माहेर कुठले? २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचे उत्तर दिले. हिमालयाचा आग्नेय पायथा, म्हणजे आसामचा पूर्व भाग, म्यानमारचा उत्तर भाग आणि चीनमधील युनानचा पश्चिम भाग, हा तो पट्टा. बांगलादेश या माहेराच्या अगदी शेजारी आहे. तरीही ढाक्यात आजारी माणसाला भेटायला जाणारे लोक जी पिवळीधमक फळे पिशवीतून नेतात, ती बहुतेक वेळा इजिप्त, दक्षिण आफ्रिका, चीन, भूतान किंवा आपल्या विदर्भातून आलेली असतात.

आयातीवर चालणारा हा फळबाजार समजून घेण्यासारखा आहे. आपल्या वरुड-मोर्शीच्या संत्राबागांचा दर त्याच्याशी बांधलेला आहे, हे एक कारण. दुसरे कारण आरोग्याचे. एखादे फळ महाग झाले की माणसाच्या शरीराचे नेमके काय नुकसान होते, आणि काय होत नाही, हे या बाजारात स्पष्ट दिसते.

शेजारी माहेर, तरी आयात का?

लिंबूवर्गीय झाडांना पाणी लागते, पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. निचरा झाला नाही की मुळांना हवा मिळत नाही, ‘फायटोप्थोरा’ ही बुरशीसारखी रोगकारक प्रजाती शिरते, मूळकूज आणि डिंक्या सुरू होतो. बांगलादेशाचा बहुतांश भाग गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचा सपाट त्रिभुज प्रदेश. पावसाळ्यात तेथे शेतेच्या शेते पाण्याखाली जातात. त्यामुळे संत्र्याला मानवणारी उताराची जमीन सिल्हेट, चितगावचे डोंगर आणि उत्तरेचा थोडा भाग एवढ्यापुरतीच. सिल्हेटला लागून असलेले खासी डोंगर संत्र्यांसाठी प्रसिद्ध, पण फाळणीनंतर ते सीमेपलीकडे, आजच्या मेघालयात राहिले.

म्हणून वर्षभराची गरज बाहेरून भागवली जाते. तिकडे दोन फळे वेगळी ओळखली जातात. सैल सालीचे, हाताने सहज सोलता येणारे ते ‘कमला’, म्हणजे आपले संत्रे. घट्ट सालीचे, सुरीने कापावे लागणारे ते ‘माल्टा’. हा फरक केवळ नावाचा नाही. घट्ट सालीच्या माल्ट्यातून पाणी हळू उडते आणि त्याला दाबाची इजाही कमी होते. मेणाचा पातळ लेप दिला आणि थंड कंटेनरमध्ये ठेवले की तो अनेक आठवडे समुद्रप्रवास सोसतो. म्हणून हिवाळा आणि वसंतात इजिप्तचा, तर पावसाळ्याच्या महिन्यांत दक्षिण आफ्रिकेचा माल्टा चितगाव बंदरात उतरतो. सैल सालीच्या नागपुरी संत्र्याला एवढा प्रवास झेपत नाही. ६ ते ७ अंशांच्या शीतगृहात ते काही आठवडे टिकते. तापमान त्याहून फार खाली नेले तर सालीवर डाग पडतात, आणि बाहेर काढल्यावर ते लवकर उतरते. असे नाजूक फळ जवळच्याच बाजारात जाऊ शकते. ट्रकने पेट्रापोल-बेनापोल सीमा ओलांडून जाणाऱ्या विदर्भाच्या संत्र्याला बांगलादेश हा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक मिळाला, त्यामागे हे सालीचे शास्त्र आहे.

फळ की चैनीची वस्तू?

या बाजाराला पहिला मोठा धक्का करांनी दिला. संत्र्यावरील बांगलादेशाचे आयात शुल्क २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० टका होते. ते दरवर्षी वाढत २०२३ मध्ये ८८ टकांवर गेले, असे आपल्याकडचे निर्यातदार सांगतात. मे २०२२ मध्ये परकीय चलनाची चणचण भासू लागली तेव्हा तेथील महसूल मंडळाने १३५ वस्तूंवर नियामक शुल्क वाढवले. त्या यादीत सौंदर्यप्रसाधने, फर्निचर, फुले होती आणि फळेही होती. जानेवारी २०२५ मध्ये आयात फळांवरील पूरक शुल्क २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेले गेले. रमजान तोंडावर असल्याने त्यावर बरीच ओरड झाली आणि नंतर काही सवलत द्यावी लागली.

डॉलर वाचवणे ही त्या सरकारची खरी अडचण होती. पण अत्तर आणि संत्रे एकाच यादीत बसले की सरकार नकळत एक आरोग्यविषयक भूमिकाही घेते: फळ ही गरज नव्हे, चैन आहे. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाण्यास सांगते. भात हाच ज्या ताटाचा मुख्य भाग आहे, तिथे हे ४०० ग्रॅम आधीच जड जाते. फळे महाग झाली की ताटातून सर्वांत आधी तीच जातात. भात तेवढाच राहतो.

आजारपणातली धाव

दुसरा धक्का आजारपणात बसतो. करोनाच्या काळात ढाक्यात माल्ट्याचे भाव चढले. २०२३ मध्ये डेंग्यूची तेथील आजवरची सर्वांत मोठी साथ आली, तीन लाखांहून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले, सतराशेहून अधिक दगावले. त्या दिवसांत माल्टा आणि शहाळे दोन्ही कडाडले. घरात रुग्ण असताना भावाची घासाघीस कोण करणार?

डेंग्यूच्या रुग्णाला पातळ पदार्थ भरपूर लागतात, हे खरे. पण ते माल्ट्याच्या रसातूनच मिळावेत असे नाही. क्षार-साखरेचे पाणी, भाताची पेज, वरणाचे पाणी, लिंबू सरबत यांनी तेच काम होते. ‘क’ जीवनसत्त्वाने प्लेटलेट वाढतात, याला भक्कम पुरावा नाही. सर्दीबाबतही तसेच. नियमित ‘क’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर बरी होते, पण सर्वसामान्य माणसाला सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही, असा आजवरच्या चाचण्यांचा निष्कर्ष आहे. जलसंजीवनीच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या चाचण्या १९६८ मध्ये झाल्या त्या याच ढाक्यात, हे इथे आठवायला हवे. अगदी स्वस्त उपायाने असंख्य जीव वाचवण्याचा रस्ता जगाला ज्या शहराने दाखवला, तिथेच साथीच्या दिवसांत गरीब कुटुंबे महागड्या परदेशी फळांवर पैसे घालवत होती.

शरीराला फळाचे नाव कळत नाही

आता हिशेब मांडू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८०, तर स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व हवे. संत्रे किंवा माल्ट्याच्या १०० ग्रॅम गरातून साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम मिळते. तेवढ्याच पेरूतून २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मिळते. आवळ्यात ते पेरूहूनही अधिक असते. पपनस संत्र्याच्या तोडीचे. मध्यम आकाराचा अर्धा पेरू खाल्ला तरी दिवसाची गरज भागते.

आणि पेरू बांगलादेशाचा घरचा आहे. दक्षिणेकडे, बरिशालच्या परिसरात झालकाठी आणि पिरोजपूर जिल्ह्यांत पेरूच्या बागाच बागा आहेत. पावसाळ्यात भीमरुलीच्या कालव्यात पेरूंनी भरलेल्या नावांचा तरंगता बाजार भरतो. साचणाऱ्या पाण्यावर तेथील शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय साधा आहे: चर खणायचे, त्यातली माती काढून उंच वरंबे घालायचे आणि झाडे वरंब्यांवर लावायची. मुळे कोरडी राहतात, चरातून नाव फिरते.

‘क’ जीवनसत्त्वाचा आणखी एक उपयोग भात खाणाऱ्यांसाठी फार मोलाचा आहे. डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते लोहाला विरघळणाऱ्या रूपात ठेवते आणि शोषण वाढते. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने जेवताना डाळ-भातावर पिळलेली लिंबाची फोड दुपारी चारला प्यायलेल्या ग्लासभर रसापेक्षा जास्त कामाची. मात्र ती वाढून घेतल्यावर पिळायची. उकळत्या डाळीत घातली तर जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलटेच होते, लोहाचे शोषण घटते.

दोन चुकीच्या कसोट्या

एवढे असूनही ग्राहक महागड्या फळाकडे का वळतो? कारण बाजारात फळ पारखण्याच्या दोन कसोट्या रूढ झाल्या आणि दोन्ही फसव्या निघाल्या.

पहिली कसोटी फॉर्मॅलिनची. २०१४ च्या जूनमध्ये ढाका शहराच्या वेशींवर पोलिसांनी नाके उभारले आणि हातात धरायच्या यंत्राने फळांच्या गाड्या तपासल्या. यंत्राने आकडा दाखवला की फळे रस्त्यावर चिरडली जात. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि हे यंत्र अन्न तपासण्यासाठी नसून हवेतील वाफ मोजण्यासाठी असल्याचे उघड झाले. फॉर्माल्डिहाइड थोड्या प्रमाणात फळांत निसर्गतःच असते. शिवाय फॉर्मॅलिन प्रथिनांना घट्ट करते. मासळीत प्रथिने भरपूर, फळात जेमतेम. संत्र्यावर ते मारून व्यापाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आयात फळावर खरोखर असते ते वेगळेच: चमक आणि टिकाऊपणासाठी मेणाचा लेप, आणि निळ्या-हिरव्या बुरशीपासून बचावासाठी इमाझालिल किंवा थायाबेन्डाझोलसारखे बुरशीनाशक. ते मुख्यतः सालीत राहते. फळ धुऊन, सोलून खाल्ले तर घाबरण्याचे कारण नाही. पण अशा फळाची साल किसून पदार्थात घालू नये. सिल्हेटकडे शातकरा नावाच्या लिंबूवर्गीय फळाची साल मांसाच्या रश्शात घालतात. साल खायचीच तर अशी, लेप न दिलेली, स्थानिक फळाची.

दुसरी कसोटी रंगाची. बांगलादेश कृषी संशोधन संस्थेने ‘बारी माल्टा-१’ हे वाण दिले आणि पिरोजपूरपासून डोंगराळ भागापर्यंत त्याच्या बागा उभ्या राहिल्या. फळाच्या बुडाशी नाण्यासारखा गोल ठसा असतो, म्हणून लोक त्याला ‘पैसा माल्टा’ म्हणतात. फळ गोड, रसाळ, पण पिकले तरी हिरवेच. याचे कारण रात्रीच्या तापमानात आहे. संत्रावर्गीय फळ पिवळे-नारिंगी होण्यासाठी सालीतील हरितद्रव्य विघटित व्हावे लागते आणि त्याला थंड रात्री लागतात. भूमध्य समुद्राकाठी त्या मिळतात, उष्ण दमट प्रदेशात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिळत नाहीत. आत साखर आणि आम्ल यांचा मेळ पूर्ण जमलेला असतो, पण बाहेरून हिरवे दिसते म्हणून ग्राहक त्याला कच्चे समजतो. पिवळ्या रंगाला जास्त दर मिळतो हे पाहून काही जण फळे वेळेआधी तोडतात आणि रंग आणतात. मग फळ आंबट निघते आणि देशी माल्टा वाईट हा समज आणखी पक्का होतो. आपल्याकडे हिरवट मोसंबी पाहून नाक मुरडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. फळ हातात जड लागते का, साल घट्ट आणि तकतकीत आहे का, ते पाहावे. रंग हवामान सांगतो, गोडी नाही.

पर्यायाने प्रश्न संपत नाही

पेरू स्वस्त आहे, लिंबू पुरेसे आहे, म्हणून संत्र्यावर कितीही कर लावावा, असा अर्थ यातून काढू नये. आयात फळे महागली की लोक देशी फळांकडे वळतात आणि ती मागणी देशी फळांचेही भाव ओढून नेते. दरवर्षी रमजानमध्ये सरबतासाठी मागणी वाढते आणि साधे कागदी लिंबूही तिथे महागते, हे ग्राहकांच्या ओळखीचे आहे. पेरूने ‘क’ जीवनसत्त्व भरून निघते, पण फळांचे एकूण प्रमाण आणि विविधता भरून निघत नाही. आजारी माणसाला घास गिळवत नसताना रसरशीत फोड चाखावीशी वाटते, त्यालाही किंमत आहेच. म्हणून अत्तर आणि संत्रे एका यादीतून वेगळे करणे, हीच आरोग्याच्या बाजूने पहिली दुरुस्ती ठरेल.

विदर्भासाठीही यात इशारा आहे. एका देशाच्या एका शुल्कपत्रकावर आंबिया आणि मृग दोन्ही बहारांचा दर हलत असेल, तर टिकवण्याची सोय बागेजवळच हवी: मेणाचा लेप, प्रतवारी, शीतगृह आणि उरलेल्या मालासाठी रस काढणारे कारखाने. फळ चार आठवडे थांबू शकले, तर शेतकऱ्याला मिळेल त्या दरात विकावे लागत नाही.

शेवटी एक सावधगिरी. संत्र्याऐवजी पपनसाकडे वळणे बहुतेकांसाठी चांगलेच. पण पपनस आणि ग्रेपफ्रूट यांत ‘फ्युरानोकुमारिन’ नावाची द्रव्ये असतात. आतड्यातील औषध विघटित करणाऱ्या एका विकराला ती अडवतात, त्यामुळे काही औषधांची रक्तातील पातळी वाढते. कोलेस्टेरॉलवरील काही स्टॅटिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची काही औषधे त्यात येतात. ही औषधे चालू असतील तर पपनस खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पोटॅशियममुळे फळांच्या रसाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. बाकीच्यांनी हंगामातले, जवळचे, खिशाला परवडणारे फळ खावे. संत्रे परवडले तर संत्रे, नाही तर पेरू आणि डाळ-भातावर लिंबाची एक फोड.