बाळंतपणानंतरची दौड : घाई नको, माघारही नको

जयंतीचा महिना असो की संविधान दिन, आता ठिकठिकाणी तीन-पाच किलोमीटरच्या दौडी होतात. मुंबईत जानेवारीत होणाऱ्या मोठ्या मॅरेथॉनमध्येही हौशी लोकांसाठी साधारण सहा किलोमीटरची 'ड्रीम रन' असते. या दौडींत आपल्या वस्तीतील मुले दिसतात, शाळकरी मुली दिसतात. घरी तान्हे लेकरू असलेली आई मात्र क्वचितच दिसते. आम्ही वस्तीत तपासणीला बसतो तेव्हा अशा आया हळूच विचारतात, "सिस्टर, माझं सिझर झालंय, आता मला धावता येईल का?" हा लेख त्या तायांसाठी आहे, आणि त्यांच्या सासूबाई व नवऱ्यांसाठीही.

उत्तर 'हो' असे आहे. मेरी कोमला २००७ साली जुळी मुले झाली आणि २००८ साली तिने बॉक्सिंगचे जागतिक सुवर्णपदक जिंकले. जमैकाची शेली-ॲन फ्रेझर-प्राइस २०१७ साली आई झाली आणि २०१९ साली १०० मीटरमध्ये पुन्हा जगज्जेती ठरली. त्यांच्या पाठीशी डॉक्टर, प्रशिक्षक आणि सकस आहार होता. आपल्या पाठीशी पाण्याची रांग आणि चार घरची धुणीभांडी असतात. म्हणून आपण टप्प्याटप्प्याने जायचे.

आत काय झालेले असते?

गर्भाशय पूर्वस्थितीला यायला साधारण सहा आठवडे लागतात. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतात. सिझरचे वरचे टाके लवकर वाळतात, पण आतले थर भरून यायला कित्येक महिने लागतात. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदद्वार हेच स्नायू सावरतात. बाळंतपणात ते ढिले पडतात. मग शिंकले, खोकले, हंडा उचलला की लघवीचे थेंब गळतात. "पोरं झाली की असं होतंच," असे म्हणत बायका वर्षानुवर्षे गप्प राहतात. असे होते हे खरे, पण ते सोसायचे नसते. व्यायामाने बहुतेकींना आराम पडतो.

पहिले तीन महिने

तीन महिन्यांच्या आत धावू नये. मात्र पडूनही राहू नये. अंगात ताकद येईल तसे घरात, मग गल्लीत चालावे. झोळीच्या स्नायूंचा व्यायाम असा : लघवी आणि वायू एकाच वेळी रोखून धरल्यासारखे स्नायू आत-वर ओढावे, श्वास न कोंडता जमेल तितके, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत धरावे, सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजतानाही करता येतो. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र तो करू नये.

पोट घट्ट बांधल्याने स्नायू जुळत नाहीत. बाळंतिणीला पाणी कमी देऊ नये. अंगावर पाजणारीला पाणी जास्तच लागते. कोंदट खोलीत शेगडीचा धूर बाळाच्या फुप्फुसांना घातक आहे.

धावण्याआधीची परीक्षा

तीन महिने झाले म्हणून लगेच धावत सुटायचे नाही. अर्धा तास सलग चालता येते का? एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? एका पायावर जागच्या जागी दहा उड्या मारता येतात का? एक मिनिट जागेवर धावता येते का? हे सगळे दुखल्याशिवाय, लघवी न गळता आणि खाली जडपणा न वाटता जमले तर पुढे जावे. नाही जमले तर चालणे आणि व्यायाम चालू ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. सिझर झालेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे.

बारा आठवड्यांची तयारी

आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस विश्रांती. बोलता येईल इतकाच वेग.

- आठवडा १-२ : १ मिनिट धावा, २ मिनिटे चाला, आठ वेळा.
- आठवडा ३-४ : २ मिनिटे धावा, २ मिनिटे चाला, सहा वेळा.
- आठवडा ५-६ : ३ मिनिटे धावा, १ मिनिट चाला, सहा वेळा.
- आठवडा ७-८ : ५ मिनिटे धावा, १ मिनिट चाला; चार वेळा.
- आठवडा ९-१० : १० मिनिटे धावा, १ मिनिट चाला, दोन वेळा.
- आठवडा ११-१२ : सावकाश तीन किलोमीटर.

निघण्याआधी बाळाला पाजावे, म्हणजे छाती हलकी राहते. आतून घट्ट, नीट मापाची ब्रा हवी. व्यायामाने दूध आटते किंवा नासते हा गैरसमज आहे. कपडे सलवार-कुडत्याचे चालतील, पण चपलेवर धावू नये.

रक्त आणि ताट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून धावण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज घ्यायची असते. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. बाजरी, नाचणी, हळीव, अंडी, सुकट, कलेजी, पालेभाजी यांपैकी परवडेल ते खावे, वर लिंबू पिळावे. आणि आईने सर्वांत शेवटी, उरलेले खायचे ही रीत मोडावी.

लगेच थांबा

रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, अंग खाली आल्यासारखे वाटले, छातीत दुखले, दम फार लागला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर थेट दवाखाना गाठा. गंभीर वाटल्यास १०८ ला फोन करा. दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येत असेल, बाळातही मन लागत नसेल, तर तोही आजारच आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

बाळ कोण धरणार?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. आजच्या कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण घरकाम करणाऱ्या आपल्या बहुसंख्य बाया तिच्याबाहेरच आहेत. तो लढा आपल्याला द्यायचाच आहे. तोवर घरातली रजा तरी घरच्यांनी द्यावी. आठवड्यातून तीन सकाळी, चाळीस मिनिटे नवऱ्याने बाळ धरावे, सासूबाईंनी चहा ठेवावा. आणि दौड भरवणाऱ्या मंडळांनी यंदा आयांसाठी तीन किलोमीटरचा वेगळा गट ठेवावा, पाण्याची, स्वच्छतागृहाची आणि बाळाला पाजायला आडोशाची सोय करावी. एवढे झाले तर या आया नक्की धावायला उतरतील.